नळीत काय सापडलं

बंदूक वापरून खराब होत नाही, ठेवून खराब होते. हे वाक्य मी नऊ वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवते आहे, आणि नऊ वर्षं गिऱ्हाईक ते माझ्याकडून ऐकून माझ्या चाचांकडे बघतं. "खरंय का हो?" चाचा मान हलवतात. मग ते खरं होतं.

आमचं दुकान नगरला, बाजारपेठेच्या मागच्या एका बोळात आहे. परवाना असलेल्या लोकांच्या बंदुका साफ करायच्या, मोडलेलं नीट करायचं, परवान्याची मुदत वाढवायची वेळ आली की हत्यार दाखवायला नेण्याआधी तपासून द्यायचं, हे आमचं काम. दुकानाचा परवाना चाचांच्या नावावर आहे, कारागीर म्हणून माझं नाव आहे. आम्ही शिकलगार. आमच्या वाडवडलांनी तलवारींना धार लावली, मी नळ्यांचा गंज काढते. पाटी वाचून आत आलेला माणूस आधी मला बघतो. बाई, वय कमी, मुसलमान, आणि हातात बंदूक. यातल्या नेमक्या कशावर संशय घ्यावा हे त्याला पटकन ठरवता येत नाही. तेवढ्या वेळात मी त्याच्यावर घेऊन टाकते.

संशय घ्यायला मला अब्बांनी शिकवलं. ते एका लहान छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिका मालकासाठी जुळवायचे आणि पत्रकं स्वतःच्या समाधानासाठी. विडी कामगारांची पत्रकं, पाटपाण्याची, रेशनची, भोंदू बाबांच्या विरोधातली. छपाईत बिघडलेले कागद घरी यायचे. त्यांवर मी अक्षरं गिरवली, त्यांचीच वह्यांना कव्हरं घातली. वर्गातली पोरं बदक आणि गवत वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. अब्बांची दोन तत्त्वं होती. सांगणाऱ्याचं ऐकावं, पण विश्वास वस्तूवर ठेवावा. आणि तोंडी काही देऊ नये, तोंडी काही घेऊ नये. "बोललेलं वाऱ्यावर जातं, बेटा. कागद राहतो."

कागद राहतो, हे खरं आहे. ती त्याची खोडसुद्धा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आधी गंजाबद्दल सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. लोकांना वाटतं, बंदूक पुसून कपाटात ठेवली की काम संपलं. लोखंड असं गप्प बसत नाही. तुमच्या बोटांचा घाम त्यावर राहिला, तर बोटांचे ठसे महिन्याभरात तांबूस होऊन वर येतात. कातडी कव्हर सगळ्यांना रुबाबदार वाटतं, पण कातडं कमावताना घातलेलं मीठमसाल्याचं पाणी त्यात मुरलेलं असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि रात्रंदिवस नळीला चिकटून बसतं. वर्तमानपत्रात गुंडाळणं हा दुसरा मूर्खपणा. कागदही ओल ओढतो. काही जण खोबरेल लावतात. ते थंडीत थिजतं, उन्हाळ्यात चिकट होतं, आणि त्यावर धूळ बसली की घोडा, म्हणजे चापाबरोबर पडणारा तो हातोडा, जागचा हलत नाही. एका बागायतदाराने आपली बंदूक खताच्या खोलीत, युरियाच्या गोण्यांमागे लपवली होती. चोराला सापडू नये म्हणून. चोराला नाही सापडली. एका पावसाळ्यात तिच्यावर असा गंज चढला की त्यांनाच ती ओळखू आली नाही. माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "ही आमचीच कशावरून?" मी नंबर दाखवला.

खरी काळजी साधी आहे. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. नळी आतून गजाने पुसा, कोरडी करा, यंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरवा. नुसता हात, आंघोळ घालू नका. कव्हराबाहेर, हवा लागेल अशा कुलूपबंद कपाटात, नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा, नाहीतर तेल झिरपून लाकडी दस्ता सडतो. औषधाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात तशा मोठ्या पुड्या मिळतात, त्या शेजारी ठेवा. आणि नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका. कोंबणाऱ्याला वाटतं धूळ जाणार नाही. धूळ जात नाही, पण आतली ओल बाहेरही येत नाही.

आता गंज वाचायचा कसा, ते. जुना गंज काळपट तपकिरी असतो, लोखंडात खड्डे पाडून बसलेला असतो. ताजा गंज केशरी असतो, बोटाला लागतो. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे जिच्या तोंडातून दारू, काथ्याचा बोळा आणि छर्रे गजाने ठासून भरतात तिच्यात, बार उडाल्यावर जी राख राहते ती ओल अक्षरशः पिते. गरम पाण्याने धुतली नाही तर दोन दिवसांत आत केशरी गंज येतो. त्या राखेला सडक्या अंड्यासारखा वास असतो. मालक काहीही सांगो, नळी आपलं सांगते.

यावर माझा फार विश्वास होता, आणि तो विश्वास मला एका लग्नाने दिला होता. एक गृहस्थ बारा बोअरची बंदूक घेऊन आले. "तीन वर्षं कपाटाबाहेर काढलेली नाही," म्हणाले. मी घोडा सोडवला. त्याच्या फटीत गुलाबी भुकटी होती. बोटावर घेऊन त्यांच्यापुढे धरली.

"कपाटात गुलाल उधळता का?"

त्यांच्या पोराची वरात त्याच महिन्यात झाली होती. बाहेर गाडीत बसलेल्या व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांना वरातीत बार काढण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते सांगितलं. ते गेल्यावर चाचा म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं." मी म्हणाले, "जाऊ दे." त्या दिवशी मी आमच्या कामाच्या वहीत एक नवा रकाना आखला. नाव, परवाना, बंदुकीचा प्रकार, गंज कुठे आहे, हे आधीचे रकाने. शेवटी माझा: नळीत काय सापडलं.

सोपाननाना त्या रकान्यात मार्गशीर्षात आले. पारनेरच्या डोंगरकडेला त्यांची ज्वारी-बाजरीची जमीन. ठासणीची एकनळी, पीक राखण्याच्या परवान्यावरची, वडलांच्या हातची. दर खेपेला मुदत वाढवायच्या आधी ती आमच्याकडे यायची. तोवर चाचाच ती बघत. नाना स्टुलावर बसून चहा प्यायचे, बशीत ओतून, आणि दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाऊस कसा आहे ते विचारायचे. त्या खेपेला चाचांचे डोळे दुखत होते म्हणून बंदूक माझ्याकडे आली.

"ताई, वाजवत न्हाई मी तिला," नाना आपणहून म्हणाले. "नुसती भितीला असती."

न विचारता खुलासा देणाऱ्या माणसाकडे मी जरा जास्त लक्ष देते. बंदूक उजेडात धरली. नळीच्या तोंडापासून चार बोटांवर एका रांगेत पाच डाग होते, तांबडे, ताजे. ओल्या हाताने घाईत पकडल्यासारखे. आत बघितलं. केशरी गंज. गज घातला तर वाटेतच अडला. आकडा घालून ओढलं तेव्हा काळा, दाबून घट्ट झालेला लगदा निघाला. त्याला सडका वास होता.

"नाना, हे काय?"

नानांनी बघितलं आणि पटकन हात पुढे केला. "त्ये टाकू नका. मला द्या."

"पण आहे काय?"

"घरचं हाय वो. द्या हिकडं."

"बार उडवला होता का?"

"न्हाई म्हनलो ना."

माणूस नळीतला कचरा परत का मागेल? मला एकच उत्तर दिसलं: पुरावा नाहीसा करायला. मी लगदा दिला नाही. एका रिकाम्या काडेपेटीत घातला, वर तारीख टाकली आणि टेबलाच्या खणात ठेवला. नाना बराच वेळ खणाकडे बघत राहिले. चहा अर्धा ठेवून उठले. बंदूक आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणाले.

पाचव्या दिवशी हवालदार आले. त्या डोंगराच्या बाजूला कुणीतरी मोर मारला होता. अंगात छर्रे निघाले होते, गावातून तक्रार गेली होती. मोर मारणं हा साधा गुन्हा नव्हे.

"त्या भागातलं काही आलंय का तुमच्याकडं एवढ्यात?" त्यांनी चाचांना विचारलं.

"येतं, जातं," चाचा म्हणाले. ते असंच बोलतात.

"आलंय," मी म्हणाले. "लेखी देते."

"लेखी कशाला मॅडम, सांगा नुसतं. आम्ही बघतो."

"नुसतं सांगितलेलं तुम्ही उद्या विसराल. लेखी घ्या."

टेबलाखाली चाचांचा पाय माझ्या पायावर आला. मी लिहीत होते. 'नळीत ताजा गंज. तोंडाजवळ ओल्या हाताने धरल्याच्या खुणा. आत जळका बोळा. अलीकडे बार उडालेला आहे.' चाचा हळूच म्हणाले, "असावा, असं तरी लिही." मला ते भेकडपणाचं वाटलं. सही केली. एक प्रत हवालदारांना, एक वहीत, आणि मालकाला कळायला हवं म्हणून एक मी नानांच्या पत्त्यावर टपालाने पाठवली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आरोपीला त्याच्यावरचा आरोप कळलाच पाहिजे, हे मी अब्बांच्या पत्रकात वाचलेलं होतं.

बंदूक जप्त झाली. परवान्याची मुदतवाढ थांबली.

दोनेक आठवड्यांनी दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, एसटीतून उतरून सरळ चालत आलेल्या. बोळातल्या तीन दुकानांत विचारत आल्या असाव्यात, कारण तिन्ही दुकानदार बाहेर येऊन बघत होते.

"कागद लिवनारी तूच का?"

"हो. बसा ना, काकू."

"काकू म्हनू नगस. आजून ठरायचंय माजं." त्या बसल्या मात्र, नानांच्याच स्टुलावर. "सोपानराव माजं मालक. मला यकच सांग. नळीत फूल हुतं का न्हाई?"

"कसलं फूल?"

त्यांचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे बघेनात, चाचांकडेही नाही. भिंतीशी बोलल्यासारखं बोलू लागल्या.

लग्नानंतर काही वर्षांनी त्यांचा धाकटा भाऊ रंगा त्यांच्याकडे राखणीला आला होता. मक्यात डुकरं पडायची. एका पहाटे मक्यात हालचाल दिसली म्हणून नानांनी बार काढला. मक्यात रंगा होता. जीव वाचला, एक डोळा गेला. रंगाने तक्रार केली नाही, बहिणीच्या संसाराकडे बघून. बहिणीने मात्र नवऱ्याकडून वचन घेतलं. बंदूक सासऱ्यांची, ती राहू दे, भिंतीला दिसली तरी डुकरांपेक्षा माणसं वचकून राहतात. पण ती पुन्हा वाजायची नाही.

"तवापासनं दर दसऱ्याला खुरपी-इळं पूजताना हिची बी पूजा करते. झेंडू हळदीच्या पान्यात बुडवायचा आन तिच्या तोंडात कोंबायचा. माज्या हातानं. वर कुंकवाची पाच बोटं वडायची. म्होरल्या दसऱ्यापत्तुर तिनं तोंड उगडायचं न्हाई. मागच्या खेपांना मी फूल घरीच काढून, नळी पुसून द्यायची. औंदा त्येनी म्हनलं, नगरला दाखवून आनतो, फूल काढतील पर परत घिऊन येतो. त्ये परत आलं तर फूल न्हाई, बंदूक न्हाई. आन मागनं तुजा कागद. पोराकडनं वाचून घेतला. जळका बोळा, म्हनं."

"त्यांनी काय सांगितलं?"

"त्येनी सांगितलं, फूलच हुतं त्ये. चौकीत बी सांगितलं. तितं हसले. बंदुकीत फूल ठिवता, म्हने, मग गोळ्या काय फुलदानीत ठिवता का?" त्या हसल्या नाहीत. "मी बी इश्वास ठिवला न्हाई. त्येंचा शबुद आन हितला कागद. कागदावर सही हाय. पंधरा दिस झालं, ताट वाडते आन पाठ करते. बोलत न्हाई. रंगाला कळलं तर त्यो काय म्हनंल? म्हनून आले. खरं सांग पोरी, माज्या मालकानं फूल काढून बार काढला ना?"

पाच बोटं हा शब्द मला ऐकू आला होता. तरी मी उठले ती स्वतःची बाजू सांभाळायला. खणातून काडेपेटी काढली, तारीख दाखवली, उघडून त्यांच्यापुढे धरली.

"तुम्हीच बघा. हे निघालं."

त्यांनी लगदा तळहातावर घेतला. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी दोन थेंब टाकलं, अंगठ्याने चोळलं. काळं पाणी झालं. त्यातून त्यांनी एक कण नखाने उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर आणला. काडीसारखा बारीक, काळा, एका टोकाला फिकट केस.

"ह्ये काय हाय?"

मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

"बी हाय. झेंडूचं. दर सालाला मी परसात टाकते, मला वळखंना व्हय? आन ह्यो बग दोरा. माळंतलं तोडून घातलं हुतं." त्यांनी दोरा ओढून सरळ केला, वीतभर नाही, चार बोटं. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी लोकं बंदुका बगता. फूल कदी बगितलंच न्हाई का?"

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

खरं तर मी सगळं बघितलं होतं. हीच गोष्ट मला अजून छळते. बार उडालेल्या ठासणीत राख तळाशी साठते, म्हणून गंज तळाशी जास्त येतो. नानांच्या बंदुकीत गंज तोंडाकडे जास्त होता आणि तळ जवळजवळ स्वच्छ. ओल्या फुलाने जिथे ओल धरली तिथे गंज. हे मला दिसलं होतं आणि मी ते लिहिलं नाही, कारण बाकीचं सगळं माझ्या मनासारखं जुळत होतं. वास सडका होता. तो दारूच्या राखेचा की सडल्या फुलाचा, हे विचारायला मी थांबले नाही. कुंकवात हळद आणि चुना असतो, तुरटी असते. ओल्या कुंकवाने लोखंडावर डाग पडणारच. गुलालाची भुकटी मला ओळखू आली होती. कुंकवाची बोटं आली नाहीत. दसऱ्याला घरोघर शस्त्रं पुजतात हे नगरमध्ये वाढलेल्या मुलीला माहीत नसतं असं नाही. पण मला पूजा म्हणजे पत्रकातल्या निषेधाचा विषय. तिच्या ओलीने लोखंडाचं काय होतं, याचा विचार करायला मी कधी वाकलेच नव्हते.

बाई उठल्या. दोरा आणि बिया पदराच्या टोकाला बांधल्या.

"मी आता घरी जाऊन काय म्हनू त्येला?" त्या म्हणाल्या. "तूच सांग. तुला लिवता येतं."

त्या गेल्यावर मी कागद पुढे ओढला. चाचा म्हणाले, "थांब."

"थांबायचं काय त्यात?"

"आधी एक लिहून दिलंस. आता उलटं देणार. उद्या विचारतील, कितीत बदललं? दुकानाच्या शब्दावर लोक हत्यार घरात ठेवतात, शाहीन. तो एकदा पडला की मी तरी कुठे जाऊ?"

"मग खोटा शब्द राहू द्यायचा?"

"मी कुठे तसं म्हणतो? अब्बाला विचारून बघ."

अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली होती. चाचा असं बोलतात तेव्हा ते स्वतःलाच विचारत असतात. मग म्हणाले, "दुकानाचा शिक्का मार. नुसत्या तुझ्या सहीवर नको. चूक दुकानात झालीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद घेऊन गेले. हवालदारांनी दोनदा वाचला. मग खुर्चीत मागे रेलून, हसतच, चाचा म्हणाले होते तेच विचारलं.

"मॅडम, किती मिळाले?"

इतकी वर्षं मी हा प्रश्न नजरेने लोकांना विचारत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकल्यावर कळलं की त्याला उत्तरच नसतं. नाही म्हणणारा माणूस जास्तच संशयास्पद दिसतो. नाना तसेच दिसले होते.

"फूल असं दिसतं याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं. तेवढा प्रश्न मात्र रास्त होता. मी भंगारातल्या नळीचे दोन तुकडे कापले. एकात हळदीच्या पाण्यातला झेंडू कोंबला आणि वर कुंकवाची पाच बोटं ओढली. दुसऱ्यात नुसत्या दारूची चिमूट जाळून तसाच ठेवला. तेवढं चाचांनी समोर उभं राहून, दुकानाच्या परवान्यात बसतं तितकंच करू दिलं. वीस दिवसांनी दोन्ही तुकडे पिशवीत घालून चौकीत नेले. एकाचा गंज तोंडाशी, एकाचा तळाशी. हवालदारांनी दोन्ही नळकांड्यांचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझा कागद फाइलला लावला. "पहिला पण राहील हं," म्हणाले. "दिलेला कागद काढता येत नाही."

मोर कुणी मारला ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. गावात तीन नावं घेतात. त्यांतलं एक अजूनही नानांचं आहे.

चौकशी संपून बंदूक सुटायला पावसाळा उलटला. मध्ये मी दोनदा विनंती केली होती की मला तिथे येऊन, तुमच्या समोर, तिला तेलाचा हात फिरवू द्या. मुद्देमालाला हात लावता येत नाही असं उत्तर आलं. लेखी आलं. परत मिळाली तेव्हा ती ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती हे भिंतीकडच्या बाजूवरून सरळ कळत होतं. माझे पाच डाग त्या गंजात शोधूनही सापडले नाहीत.

नाना ती घेऊन दुकानात आले ते दसऱ्याच्या आठ दिवस आधी. या खेपेला काकू बरोबर होत्या. नाना स्टुलावर बसले नाहीत. चहा आणला तो काकूंनी घेतला.

मी तीन दिवस त्या बंदुकीवर काम केलं. तेलात भिजवलेल्या सगळ्यात बारीक पोलादी लोकरीने इंच इंच घासली, कारण जोर लावला तर गंजाबरोबर नळीचा काळा रंगही जातो. खड्डे पडले होते ते पडलेच. ते बुजत नाहीत. गंज काढता येतो, त्याने खाल्लेलं लोखंड परत देता येत नाही. न्यायला दोघं आले तेव्हा मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, "दिसतंय मला."

काकूंनी विचारलं, "मग आता फूल घालायचं का न्हाई?"

"आत नको, काकू." या खेपेला त्यांनी 'काकू' चालवून घेतलं. "खुंटीला माळ घाला. बंदुकीला ओलं काही लावू नका. कुंकू लावायचंच तर दस्त्याच्या लाकडाला, कोरडं."

"आन तोंड कशानं बांधायचं?"

नाना पहिल्यांदा मध्ये बोलले. "ऱ्हाऊ दे मोकळं," ते बायकोला म्हणाले. "बगत जा रोज आत. बोट घालून बग." काकूंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्या घरात पंधरा दिवस काय झालं होतं ते मला तेवढ्यात पुरेसं दिसलं.

मी दुसऱ्या कागदाची, चूक कबूल केलेल्या कागदाची, शिक्का मारलेली प्रत नानांना दिली. त्यांनी तिची घडी केली आणि बंदुकीच्या कव्हरात सरकवली.

"नाना, कव्हरात कागद ठेवू नका," मी सवयीने म्हणाले. "कागद ओल ओढतो. गंज चढेल."

नाना थांबले. कव्हराची दोरी त्यांच्या हातात होती.

"मग तुमचा शबुद ठिवू कुटं, ताई? हिला कुनी बी उगडून बगितलं तर त्यो तितंच पायजे."

मी कागद काढून घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलं, शेजारी ओल शोषणाऱ्या दोन पुड्या ठेवल्या आणि कव्हरात परत घातला. धंद्याच्या नियमाप्रमाणे बंदूक कव्हरात ठेवायचीच नसते. त्या एका बंदुकीला मी काही बोलले नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा दाखवून न्या, एवढंच सांगितलं. वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: झेंडूचं फूल, मागच्या दसऱ्याचं.

नाना तेव्हापासून न चुकता येतात. अजूनही बसत नाहीत. बंदूक टेबलावर ठेवायच्या आधी कव्हरातून पिशवी काढतात, तिचं तोंड ब्लेडने कापतात, कागद उलगडून माझ्यापुढे धरतात. दुकानात कुणी असो, नसो.

"वाचा," ते म्हणतात.

मी मोठ्याने वाचते. मग बंदूक पुसायला घेते.